पडवीसह, दरोबस्त

मागच्या एप्रिलमध्ये मी एक कागद लिहायला घेतला. "दोन ओळींत लिहा आणि मोकळे व्हा," असं हेमांगी म्हणाली होती. हेमांगी म्हणजे माझी बायको. गेली चोवीस वर्षं ती मला दोन ओळींत मोकळं व्हायला सांगते आहे आणि गेली चोवीस वर्षं मी चार पानं लिहितो आहे. (लग्नाआधी मी तिला एकच पत्र लिहिलं होतं, ते सात पानांचं. तिने त्यातलं पहिलं आणि शेवटचं पान वाचलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं.)

कागद हवा होता सोजराबाईंना. सोजराबाई समुद्राकडच्या. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील, जवळा, मांदेली विकतात. आमच्या उमरोळीतही त्यांची फेरी असते आणि पावसाळ्याची बेगमी हेमांगी दरवर्षी त्यांच्याकडूनच करते. पावसाआधी सुका माल पुन्हा एकदा कडक उन्हात घालावा लागतो, नाहीतर त्याला बुरशी येते. त्यासाठी सोजराबाईंनी आदल्या वर्षी सरावलीला कुणाचं तरी अंगण घेतलं होतं. बोलाबोलीवर. ऐन मे महिन्यात त्या माणसाचं डोकं फिरलं आणि त्याने सगळा माल रस्त्यावर आणून टाकला. त्या दिवशी कुत्र्यांची दिवाळी झाली आणि बाईंचा हंगाम बुडाला.

"तवापासून कानाला खडा लावला," त्या आमच्या पायरीवर बसून हेमांगीला सांगत होत्या. "तोंडी नाय. कागद पायजे. तुमचं मागचं आंगन मना द्या तीन वर्सं, पन कागद करून द्या."

"अहो, देऊ या की," हेमांगी म्हणाली. "मागे नुसतं ऊन पडलेलं असतं."

मी मान डोलावली, कारण 'कागद' हा शब्द ऐकल्याबरोबर माझ्या अंगात काहीतरी संचारलं होतं. मी बोईसरच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क आहे. दिवसभर गेटपास लिहितो. 'पिंप नग बारा, झाकणासहित.' यात माणसाच्या प्रतिभेला वाव कुठे असतो? पण एकविसाव्या वर्षी मी पालघरला कचेरीजवळ रामाभाऊ दस्तलेखकांच्या टेबलाशी अकरा महिने उमेदवारी केली आहे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा, हक्कसोडपत्र! ते शब्दच असे की लिहिताना पाठ आपोआप ताठ व्हायची. रामाभाऊंचे नमुने मी एका वहीत उतरवून घेतले होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. (हेमांगी तिला रद्दीत तीनदा घालून बसली. तिन्ही वेळा मी ती परत आणली.)

आता पडवीबद्दल सांगायला हवं. आमच्या घराला पुढे रस्त्याच्या बाजूने चांगली लांबरुंद पडवी आहे. तिथे माझी आरामखुर्ची आणि अकरा वर्षांची वर्तमानपत्रं आहेत. ती मी सवडीने वाचणार आहे. हेमांगीला त्या पडवीत शिवणक्लास काढायचा होता. दोन मशिनं तिच्या माहेरी धूळ खात पडली होती, सरावलीच्या चाळींतल्या दहाबारा बायका शिकायला तयार होत्या, फी ठरली होती, वेळ ठरली होती. अडलं होतं फक्त माझ्या 'विचार करू'पाशी. आणि विचार करायला मी त्याच खुर्चीत बसत होतो, त्यामुळे चार वर्षं निर्णय होत नव्हता. हेमांगीने भांडण असं केलं नाही. फक्त पडवीत चहा आणून द्यायचं बंद केलं.

तर रविवारी सकाळी मी बसलो. मजकूर रामाभाऊंच्या वहीतून घेतला आणि मिळकतीचं वर्णन पत्र्याच्या ट्रंकेतल्या आजोबांच्या खरेदीखतातून. दस्त लिहिणाऱ्यांची हीच रीत आहे. मिळकतीचं वर्णन कधी नव्याने लिहायचं नाही, जुन्या दस्तावरून जसंच्या तसं उतरवायचं, म्हणजे चूक होत नाही. आजोबांच्या खरेदीखताचा थाट काय सांगू! 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओहोळ' अशी चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, आणि पुढे 'येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील झाडझाडोरा, दगड, माती, पाणी, निधी, निक्षेप, जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह, तदंगभूत वस्तूंसह, दरोबस्त', म्हणजे सगळंच्या सगळं. यातला एक शब्द गाळायचा म्हणजे देवळाच्या कळसाला कात्री लावण्यासारखं. मी काहीही गाळलं नाही, फक्त शेजाऱ्याचं नाव तेवढं आजचं घातलं.

दुपारी सही झाली. साक्षीदार म्हणून शेजारचा नामदेव आला. मी 'कारणे भाडेपट्टा लिहून देतो ऐसाजे' पासून शेवटपर्यंत मोठ्याने, आवाज लावून वाचलं. नामदेवने मधेच हात जोडले. त्याला सवयीने प्रसाद वगैरे असेल असं वाटलं असावं.

"ह्यात मना कोन हाकलनार नाय ना?" सोजराबाईंनी एवढंच विचारलं.

"चंद्रसूर्य असेपर्यंत नाही," मी म्हणालो. "म्हणजे, तीन वर्षं."

बाई चौथी शिकलेल्या. सही त्यांनी सावकाश, एकेक अक्षर टेकवत केली. मग कागदाची घडी करून ब्लाउजात ठेवली आणि म्हणाल्या, "घरी जाऊन वाचते."

मी कौतुकाने हसलो. माझा दस्त आजवर घरी जाऊन कुणी वाचला नव्हता.

आठ दिवस मजेत गेले. मागच्या अंगणात जाळ्या अंथरल्या गेल्या, बोंबील वाळत पडले, गावातली झाडून सगळी मांजरं आमच्या कुंपणावर मुक्कामाला आली. नवव्या दिवशी सकाळी मी पडवीत खुर्चीत पेपर वाचत असताना सोजराबाई पुढच्या दाराने आल्या. हातात कागद, चेहरा लाल.

"प्रदीपभाऊ, मी काय वाकडं केलं तुमचं?"

मी गडबडलो. "का हो? काय झालं?"

"मी आंगन मागितलेलं. तुमी घर कशाला माझ्या गळ्यात मारलं?"

आतून हेमांगी हात पुसत बाहेर आली. सोजराबाईंनी कागद उलगडला आणि ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द सुटा करत वाचायला सुरुवात केली. "पूर्वेस, रस्ता. पश्चिमेस, ओहोळ. दक्षिनेस, नामदेवचं घर. उत्तरेस, चिकूची वाडी." मग त्यांनी बोट उचललं आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. "आता ह्या चौघांच्या मदी काय येतं?"

आम्ही तिघांनी चारी दिशांना पाहिलं. मध्ये आम्ही येत होतो. आम्ही, आमचं घर, विहीर, न्हाणीघर, पडवी आणि पडवीत मी.

अंगणाची हद्द मी लिहिलीच नव्हती. आजोबांनी विकत घेतलेली सगळी मिळकत मी तीन वर्षांच्या पट्ट्याने, निधीनिक्षेपासह, देऊन बसलो होतो.

"आनि पुढे काय लिवलंय? पट्टेदाराने घर शाकारावे. भिंतींची डागडुजी करावी. वाळवी लागू देऊ नये, लागल्यास नुकसान भरून द्यावे!" बाईंचा आवाज चढला. "तुमची कौलं मी चाळायची? ह्या वयात मी शिडीवर चढू? आठ दिस मना झोप नाय!"

"अहो, ते नुसतं लिहायची पद्धत असते..."

"मंजे लिवलेलं खरं नसतं?"

यावर काय उत्तर द्यावं? 'नसतं' म्हटलं तर दस्त गेला, 'असतं' म्हटलं तर घर गेलं. हेमांगी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला हसू आवरत नव्हतं.

"असतं," हेमांगी म्हणाली. "लिहिलेलं खरंच असतं, सोजराबाई. या, आत या. तुमचंच घर आहे."

तिथून माझे दिवस फिरले. सोजराबाई कागदाच्या पक्क्या. लिहिलंय ना, मग पाळायचं. त्यांनी पदर खोचून घरभर फेरी मारली. ही भिंत ओली का? हा खिळा इथे कुणी ठोकला? विहिरीवर झाकण का नाही? मी मागून 'हो, करतो, बघतो' म्हणत फिरत होतो. स्वतःच्याच घरात मला भाडेकरूसारखं वाटायला लागलं आणि मग लक्षात आलं की माझी तेवढीही लायकी कागदात नव्हती. भाडेकरू त्या होत्या. मी कोण होतो?

"तुमाला काढत नाय मी," त्या उदारपणे म्हणाल्या. "राहा. पन हे काय?"

'हे' म्हणजे वर्तमानपत्रं. त्यांनी गठ्ठा हलवला आणि खालून बारीक माती पडली.

"वाळवी," सोजराबाई म्हणाल्या. "आनि नुसकान मी भरायचं?"

दोन तासांत अकरा वर्षांचा इतिहास भंगारवाल्याच्या गाडीवर चढला. मी एकच अंक वाचवू शकलो आणि तोही रात्री उघडला तर त्यात फक्त निविदा सूचना होत्या. पडवी झाडली, पुसली गेली. अकरा वर्षांत प्रथमच मला तिचा कोबा दिसला. लालसर होता.

पण रिकामी जागा सोजराबाईंना बघवेना. संध्याकाळी दव पडतं म्हणून वाळलेले बोंबील आत हवेतच आणि पडवी कागदाप्रमाणे त्यांचीच होती. तिसऱ्या दिवशी तिथे बोचकी रचली गेली. माझ्या खुर्चीवर जवळ्याचं पोतं बसलं. जवळा मला जेवताना प्रिय आहे, पण त्याच्याशेजारी बसून ऑफिसचे कपडे घालायचे म्हणजे वेगळी गोष्ट. कंपनीत शिवाजी सुपरवायझर सकाळी माझ्या टेबलाशी यायचा, दोनदा नाक ओढायचा आणि विचारायचा, "डब्यात काय आणलंस रे आज?" डब्यात भेंडी असायची.

शेवटी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पालघरला रामाभाऊंकडे गेलो. रामाभाऊ आता ऐंशीच्या पुढे. लिहिणं थांबलंय, पण घराच्या ओट्यावर चष्मा लावून बसतात. त्यांनी माझा दस्त दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे खांदे हलत होते. वयामुळे हलत असतील असं मी स्वतःला समजावलं.

"प्रदीप," ते डोळे पुसत म्हणाले, "भाषा अप्रतिम आहे. साठ वर्षांत असा नमुनेदार भाडेपट्टा मी पाहिला नाही. एकच गोष्ट राहिली. 'लिहून देणार याची बायको व एक नग नवरा' हे घालायला विसरलास."

"भाऊ, थट्टा नको. आता करू काय?"

"नोंदणी केलीस?"

"नाही."

"मग घाबरतोस कशाला? तीन वर्षांचा पट्टा नोंदणीशिवाय चालत नाही. हा कागद कोर्टात कोण धरतंय? फाडून टाक."

मी उमरोळीच्या स्टेशनवरून घरापर्यंत जवळजवळ पळतच आलो. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू! पडवी परत, खुर्ची परत, मालकी परत. सोजराबाई आणि हेमांगी मागच्या अंगणात बोंबील उलटत होत्या. मी उभ्या उभ्याच जाहीर करून टाकलं, "कागद कायद्याने फुकट आहे! नोंदणीच नाही. रद्दी आहे ती. फाडला तरी चालतो!"

सोजराबाईंच्या हातातला बोंबील तसाच राहिला. त्यांनी पदराला हात पुसले, ब्लाउजातून घडी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"मग फाडा."

माझा हात पुढे झाला नाही.

"सरावलीचा बाबा निदान तोंडी बोलला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याने मना चार पानं वाचून नाय दाखवली. तुमी सही केलीत भाऊ. नामदेवने केली. मी घरी लेकीला सांगितलं, आता मना कोन उठवनार नाय, माझ्याकडे कागद हाय." त्या खाली बसल्या आणि जाळीवरचे बोंबील गोळा करायला लागल्या. रागाने नाही. सवयीने. उठवलं की माल आवरायचा, एवढं त्यांना पाठ झालं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच झालं, उगीच म्हणत नाही. इतके भारदस्त शब्द मी त्या कागदात ओतले होते आणि त्यातला एकही मला पाळायचा नव्हता. तो कागद खरा मानणारी बाई आमच्या तिघांत एकच होती आणि तीच उन्हात बसून माल आवरत होती.

"ठेवा ते खाली, सोजराबाई," हेमांगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही आत जा. कागद कुणी फाडणार नाही. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं."

"पण घर..." मी म्हणालो.

"घराचं आम्ही बघतो."

त्या दोघींनी माझा दस्त घेतला आणि स्वयंपाकघरात बसून सबंध वाचला. सोजराबाई बोट धरून वाचत होत्या, हेमांगी एकेक शब्दाचा अर्थ मला दारातूनच विचारत होती. "अहो, तदंगभूत म्हणजे काय?" "जागेला जोडलेलं सगळं." "निक्षेप?" "पुरून ठेवलेलं धन." "ते आहे का आपल्याकडे?" "नाही." "मग कशाला लिहिलंत?" अशी अर्धा तास माझी तोंडी परीक्षा चालली. मी नापास होत होतो, पण निदान मला विचारत होत्या याचं समाधान होतं. मग एकदम आतून आवाज आला, "अहो, 'पट्टेदाराने वाटेल तर पोटपट्ट्याने दुसऱ्यास द्यावी, लिहून देणाराने हरकत घेऊ नये' म्हणजे?"

"म्हणजे सोजराबाईंना वाटलं तर आपली जागा त्या पुढे दुसऱ्या कुणाला भाड्याने देऊ शकतात," मी सांगितलं. शब्दाचा अर्थ अचूक आल्याचा मला आनंद झाला होता.

"कुणालाही?"

"कुणालाही. मालकाची हरकत चालत नाही." (हे मी अभिमानाने सांगितलं. माणसाने किती बावळट असावं याला काही सुमार?)

आत काहीतरी कुजबुज झाली. मग दोघी हसल्या. बांगड्या वाजल्या. हेमांगीने माझ्या वहीचं एक कोरं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं. तिच्या पद्धतीने, दोन ओळींत: 'मागचं अंगण मी सोजराबाई ठेवते. बाकी घर, विहीर आणि पडवी तीन वर्षं हेमांगीला दिली, कौलं आणि वाळवी तिने बघायची.' खाली सोजराबाईंची सही, एकेक अक्षर टेकवून. नामदेवला पुन्हा बोलावलं. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून मला बोलावलं.

मी पेन हातात घेऊन म्हणालो, "हे कायद्याने..."

"काय?" दोघींनी एकदम विचारलं.

"काही नाही. सही कुठे करू?" मी म्हणालो.

सोजराबाईंची बोचकी त्याच संध्याकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. मला वाटलं, चला, मिटलं. कागद काहीही असो, घर आपलंच. मी पडवी पुसून घेतली आणि खुर्ची उन्हात घालून वास घालवला. मग सोमवारी कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तर पडवीत दोन शिलाई मशिनं, एक लांब टेबल आणि भिंतीला टेप, कात्र्या, ब्लाउजचे कागदी कटिंग. दहाबारा बायका वाकून खडूने रेघा मारत होत्या. माझी खुर्ची कापडाच्या तुकड्यांखाली कुठेतरी होती.

मी पायरीवर चप्पल काढून उभा राहिलो. कुठून आत जावं समजेना, कारण सगळ्या वाटेवर कापड पसरलं होतं. एका बाईने मान वर करून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हेमांगीला हळूच विचारलं, "मॅडम, हे कोण?"

हेमांगीने तोंडातली टाचणी काढली.

"घरमालक," ती म्हणाली. "स्वभावाने बरे आहेत."